चार लवंगांची होडी

माझी बायको हर्मिनिया हिनं आजवर हजारो फोटो काढले. त्यांतला एकच साऱ्या मुलखानं पाहिला, आणि त्यावर तिचं नाव नव्हतं.

मी अनिसेतो. पंखे, टीव्ही, भाताचे कुकर दुरुस्त करतो. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. सुटे भाग मनिलाहून खोक्यांतून येतात आणि प्रत्येक भागाला बबल रॅपचे दोन-तीन वेढे असतात. पूर्वी मी तो ढीग दाराबाहेर ठेवायचो, शाळेतून येणारी पोरं फटाफट फोडत घेऊन जायची. हर्मिनिया तेव्हा बाजारातल्या स्टुडिओत कामाला होती. पासपोर्टचे फोटो, बाप्तिस्म्याचे, लग्नाचे, कधी शवपेटीशेजारी रांगेत उभ्या राहिलेल्या घरच्या माणसांचे. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी मालकानं जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला. म्हणाला, "घेऊन जा बाई. मला आता हा बघवत नाही."

महिनाभर ती नुसती बसून होती. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची आणि खिडकीशी बसायची. एक दिवस मी कुकर उघडून बसलो होतो, तर ती माझ्या बाजूचा बबल रॅप उचलून घेऊन गेली. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"पांग, इकडे ये जरा."

आम्ही नवरा-बायको एकमेकांना पांगच म्हणतो. लग्नाआधीपासूनची सवय.

"काय आहे?"

"यातून बघ. काय दिसतं?"

तिनं बबल रॅप खिडकीच्या काचेला चिकटवून त्यावर पाणी शिंपडलं होतं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर प्रत्येक थेंबात आमच्या अंगणातला माड उलटा उभा होता. शंभर थेंब, शंभर माड.

"बरं आहे," मी म्हणालो.

"बरं आहे? जा, जा, तुझे कुकर बघ."

त्या दिवसापासून घरातली एक वस्तू जागेवर राहिली नाही. चाळणी मागितली तर ती टॉर्चवर पालथी पडून आकाशातल्या चांदण्या झालेली असायची. काटे-चमचे उभे रोवून बांबूचं बन व्हायचं. साबणाचा फेस म्हणजे ढग. मी जेवायला बसताना विचारायचो, "आज काय आहे? ढग की डोंगर?" ती म्हणायची, "आज खडे आहेत. दाताखाली आले तर सांग." हसायला लागली होती, ते मला पुरे होतं.

त्या मार्चमध्ये तिनं होडी केली. जेवणाच्या टेबलावर निळी ताडपत्री, त्यावर बबल रॅप, मध्ये उंच, कडेला खोल, असा चुरगळून ठेवलेला. त्यावर पाणी आणि थोडं ग्लिसरीन, म्हणजे फुगे लाटांसारखे चमकतात. भात वाढायच्या लाकडी डावाची मूठ मोडली होती. तो डाव पालथा घातला की उलटलेल्या होडीचा तळ. आमच्याकडच्या होड्यांना तोल सांभाळायला दोन्ही अंगांनी उलांडी असते, तशी तिनं सरबताच्या नळीची केली. लाल नळी एकच होती म्हणून एकाच अंगाला लावली, दुसरं अंग मोडून गेलेलं. मागं वादळाचं आभाळ हवं होतं, ते भाताच्या पातेल्याच्या काजळलेल्या बुडानं दिलं. किटलीची वाफ म्हणजे धुकं. आणि होडीच्या तळाला धरून बसलेली माणसं म्हणजे लवंगा. नाताळच्या हॅमसाठी आणलेल्या पुडीत चारच उरल्या होत्या. म्हणून माणसं चार.

सकाळपासून दुपारपर्यंत तिचं चाललं होतं. मी भाताच्या पातेल्याची वाट बघत उपाशी. शेवटी तिनं कॅमेरा माझ्यापुढं धरला, आणि मी याच किनाऱ्यावर जन्मलेला माणूस, माझ्या अंगावर काटा आला. लवंगेचं डोकं म्हणजे मान खाली घातलेला माणूस. एक जण दुसऱ्यावर रेलला होता.

"कुठं आहेत गं ही माणसं?" मी विचारलं.

"आपल्या टेबलावर," ती म्हणाली, आणि खूश झाली.

तिनं तो फोटो नेटवर आपल्या पानावर टाकला. 'वादळानंतर' असं नाव दिलं, कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं, खाली डाव, नळी, लवंगा सगळं लिहिलं. पन्नास-साठ लोकांनी वाहवा केली. विषय संपला.

ऑक्टोबरात वादळ आलं. सोमवारी पहाटे आमच्या शेजारच्या पुन्ता बाकावान गावातून एक होडी मासेमारीला गेली होती. तांडेल ओनोफ्रे आणि चार खलाशी. मंगळवारी वाऱ्यानं छपरं उडवली, बुधवारी ऊन पडलं, आणि ती होडी परत आली नव्हती.

गुरुवारी दुपारी मासळीवाली नांग पासिंग टोपली घेऊन दारात आली. नांग म्हणजे वयानं मोठी बाई, पुरुष असला तर नोंग; पासिंगला सगळा किनारा नांगच म्हणतो. टोपलीत मासळी कमीच होती, बातमी जास्त.

"जिवंत आहेत! सेतो, जिवंत आहेत रे! बघ, फोटो आलाय!"

तिनं फोन माझ्या नाकापुढं धरला. काजळी आभाळ, चमकत्या लाटा, पालथी होडी, लाल उलांडी, चार माणसं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मानोक बेटाच्या पूर्वेला दिसलेली होडी. माणसं जिवंत. ताबडतोब मदत पाठवा.' कोपरा कापून टाकलेला होता. किती हजार लोकांनी पुढं पाठवला होता, तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

हर्मिनिया माझ्या मागं येऊन उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

"ओनोफ्रेच्या होडीची उलांडी लालच आहे ना!" पासिंग सांगत होती. "त्याच्या बायकोनं, सेन्सियानं, बघितल्या बघितल्या ओळखली. गावातल्या तीन होड्या उद्या उजाडता निघणार. गस्तीची बोटही तिकडंच वळवलीय म्हणे. देव आहे, सेतो, देव आहे!"

ती शेजारच्या घराकडं गेली. हर्मिनियानं दुकानाचं दार लोटलं.

"तो माझा फोटो आहे."

"माहीत आहे."

"कुणी केलं हे?"

"कुणी का करेना. असेल कुणी रिकामटेकडा."

"मी आत्ता लिहिते. माझ्याकडं सगळे मूळ फोटो आहेत."

तिनं फोन उचलला, आणि मी तिच्या हातावर हात ठेवला. मी इथं काही लपवणार नाही. मी म्हणालो, "थांब. लिहू नकोस."

"का?"

"अगं, कोण ऐकणार आहे? लोक म्हणतील हिनंच सोडला. मागल्या साली धरण फुटल्याची अफवा निघाली तेव्हा त्या माणसाचं काय झालं, बघितलंस ना? घरावर दगड पडले. त्यानंही नंतर हेच सांगितलं, मी नाही पाठवली."

"पण होड्या निघतायत, पांग. खोट्या जागी."

"समुद्र अजून खवळलेला आहे. निघणार नाहीत. आणि निघाल्या तरी शोधणारच आहेत ना? समुद्र काय, इकडचा काय, तिकडचा काय. दोन दिवसांत हे आपोआप विरेल. तू तुझ्या पानावरून तेवढा काढून टाक, म्हणजे कुणी आपल्यापर्यंत येणार नाही."

तीस वर्षांच्या संसारात मी तिला क्वचितच काही करू नकोस म्हटलं असेल, आणि तिनं बहुधा म्हणूनच ऐकलं. फोटो काढून टाकला. जेवली नाही. मी जेवलो.

शुक्रवारी सकाळी पुन्ता बाकावानच्या तीन होड्या पूर्वेकडं गेल्या. आमच्या घरावरून इंजिनांचा आवाज जाताना ऐकू आला. हर्मिनिया मोरीत कपडे आपटत होती. आवाज आला तशी थांबली आणि आवाज जाईपर्यंत ओला कपडा हातात धरून उभी राहिली.

दुपारी पासिंग पुन्हा आली. आज तिचा चेहरा उतरलेला होता.

"तिकडं बायकांची जुंपलीय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"फोटोत चार आहेत. गेले होते पाच." तिनं टोपली खाली ठेवली. "पाचवा कोण, यावरून. मारिव्हेल म्हणते, कडेला वाकून बसलाय तो माझा ज्युनेल, त्याची बसायची रीत तशीच आहे. तर दुसरीची सासू म्हणते तो माझा मुलगा. फोन मोठा करकरून बघतात. सहा महिन्यांची पोटुशी आहे मारिव्हेल, आणि तिला एक बाई म्हणाली, तुझा पोरगेला नवरा कुठला टिकणार, बुडाला असेल तो तुझाच. सांग, असं बोलावं?"

हर्मिनिया आत निघून गेली. मी आत गेलो तेव्हा ती टेबलावर हात पालथे टाकून बसली होती, त्याच टेबलावर.

"पुडीत चारच होत्या," ती म्हणाली. "सहा असत्या तर सहा लावल्या असत्या."

"तुला काय माहीत होतं तेव्हा?"

"तेव्हा नव्हतं. कालपासून आहे."

'जा, सांगून ये' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. मला दगड दिसत होते, दुकानाची काच दिसत होती. मी भित्रा माणूस आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी उठलो तर तिनं प्लास्टिकच्या टपात सगळं भरलं होतं. ताडपत्री, बबल रॅप, डाव, लाल नळी, ग्लिसरीनची बाटली, आणि वर काजळलेलं पातेलं. कॅमेरा गळ्यात. लवंगा कागदात बांधून ब्लाउजच्या खिशात.

"मी निघाले. यायचं तर ये."

तीनचाकी रिक्षात ती टप मांडीवर घेऊन बसली. मी मागं बसलो. रस्त्यात माड आडवे पडले होते, दोनदा उतरून वाट काढावी लागली. ती सगळा वेळ टपावर हात ठेवून होती.

पुन्ता बाकावानमध्ये ओनोफ्रेच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमलेली. ओनोफ्रेची बायको क्रेसेन्सिया, तिला सेन्सिया म्हणतात, पायरीवर बसली होती. पन्नाशीची, रुंद हाडाची, उन्हानं रापलेली बाई. तिच्या शेजारी मारिव्हेल, पोटावर हात धरून. गावचा कॅप्टन, म्हणजे निवडून आलेला गावप्रमुख, नोंग दिओस्दादो, फोनवर ओरडत होता.

हर्मिनिया थेट सेन्सियापुढं गेली.

"नांग सेन्सिया, मी हर्मिनिया. स्टुडिओतली. तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते."

"आठवतं," सेन्सिया म्हणाली. "बस. काही खाल्लंस?"

"नांग, तो होडीचा फोटो खरा नाही. तो मी काढला. मार्च महिन्यात. माझ्या घरी."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"काय बोलते ही?"

"घरी समुद्र असतो होय?"

"दोन दिवस झाले, आता हिला नाव पाहिजे!"

कॅप्टन पुढं आला. "बाई, आत्ता चेष्टेची वेळ आहे का? आमची तीन होड्यांची माणसं तिकडं लाटांत आहेत."

"म्हणूनच आले, नोंग. मला एक टेबल द्या."

कुणी हललं नाही. शेवटी सेन्सियानंच मानेनं आत खूण केली. आतलं टेबल बाहेर आणलं गेलं. हर्मिनियानं ताडपत्री पसरली, बबल रॅप चुरगळून उंच-सखल केला, पाणी शिंपडलं, ग्लिसरीन घातलं. डाव पालथा टेकवला. नळी लावली. पातेलं मागं उभं केलं, ते सरकत होतं म्हणून मी जाऊन धरलं. तेवढंच माझं काम. मग तिनं कागद सोडून एकेक लवंग डावावर चिकटवली. एक, दोन, तीन, चार. चौथी तिसरीवर रेललेली.

नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर तो सगळा कचरा होता. एक म्हातारी म्हणाली, "हे काय, ही तर भाताची पळी!" कुणीतरी हसलंसुद्धा. मग हर्मिनियानं वाकून फोटो घेतला आणि कॅमेरा सेन्सियाच्या हातात दिला.

सेन्सिया बघत राहिली. तिच्या खांद्यावरून मारिव्हेलनं बघितलं. मारिव्हेलच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. रडणं नव्हतं ते. पायावर काहीतरी जड पडावं तसा आवाज. तिनं टेबलाकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि कडेला वाकलेली लवंग बोटांत उचलून घेतली.

"हा?" ती म्हणाली. "मी दोन दिवस याच्याशी बोलत होते."

मग तिनं हर्मिनियाच्या दंडाला धरलं. "कधी कळलं तुला? फोटो फिरतोय हे कधी कळलं?"

"गुरुवारी दुपारी."

"आज शनिवार आहे. दीड दिवस तू काय करत होतीस?"

मी पातेलं धरून उभा होतो. हर्मिनियानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"भीत होते," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं नाही.

कॅप्टननं डोकं धरलं आणि होड्यांना माघारी बोलवायला वायरलेसकडं पळाला. लोक ओरडत होते. एका माणसानं टप लाथेनं उडवला. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं हिचा कॅमेरा फोडा. सेन्सियानं हात वर केला तसे ते थांबले.

"होडीवर पाच लाव," ती हर्मिनियाला म्हणाली.

"नांग..."

"या गावातून पाच गेले. तुझ्या होडीवर पाच लाव."

"माझ्याकडं चारच आहेत."

सेन्सिया उठून आत गेली. तिच्या घरात लवंग नव्हती. मिऱ्याचा एक दाणा घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं डावावर, बाकीच्यांच्या मधे बसवला. मारिव्हेलच्या मुठीतली लवंग मागून घेतली, ती परत कडेला लावली.

"आता काढ."

हर्मिनियानं कॅमेरा टेबलाच्या कडेला टेकवला. तिनं फोटो काढला. सेन्सियानं तो बघितला, बराच वेळ, एकेका माणसावर बोट ठेवून. ओठ हलत होते. ती पाच नावं घेत असावी.

"आता पुसून टाक," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

हर्मिनियानं पुसला.

रविवारी दुपारी दक्षिणेला, मानोक बेटापासून कितीतरी लांब, एका मालवाहू जहाजाला दोन माणसं सापडली. फळीला बांधलेली, कातडी सोललेली, पण जिवंत. त्यांतला एक मारिव्हेलचा ज्युनेल. बातमी आली तेव्हा हर्मिनिया आमच्या पायरीवर बसली होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि मला वाटलं, सुटली बिचारी.

नाही सुटली. ज्युनेलनं दवाखान्यात सांगितलं की शुक्रवार दुपारपर्यंत पाचही जण होते. होडीचा तळ धरून. त्यांच्यावरून एक विमान गेलं, त्याला ते दिसले नाहीत. शुक्रवारी दुपारनंतर ओनोफ्रेनं हात सोडला. मग आणखी दोघे, एकामागून एक, दिवस उजाडायच्या आत. शुक्रवारी दुपारी आमच्या बाजूच्या तीन होड्या आणि गस्तीची बोट कुठं होती, ते सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं.

कुणी आमच्या घरावर दगड मारला नाही. माझी काच शाबूत राहिली. लोकांनी एवढंच केलं की पंखे दुरुस्तीला दुसरीकडं न्यायला लागले, आणि बाजारात हर्मिनिया दिसली की बोलणं थांबायचं. पासिंग तेवढी यायची. ती म्हणायची, "फोटो चोरणाऱ्याला देव बघून घेईल." त्या माणसाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

हर्मिनियानं कॅमेरा कपाटात टाकला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत एकदा तिनं स्वतःहून चाळणी काढली. पण आता ती फोटो काढते त्यात टेबलाची कड दिसते. बबल रॅपची कापलेली बाजू दिसते, कधी तिचा स्वतःचा अंगठाही. नेटवर लोक लिहितात, कड का ठेवलीत, सगळी जादू गेली. ती उत्तर देत नाही. मी एकदा म्हणालो, "थोडं जवळून घेतलंस तर कड जाईल." ती म्हणाली, "जाऊ द्यायची नाही."

मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणानं. 'भीत होते' हे तिचं वाक्य. त्यात 'आम्ही' नव्हतं, मी नव्हतो. गावानं सगळा दोष तिच्या पदरात घातला आणि मी पातेलं धरून उभा राहिलो. फेब्रुवारीत एका सकाळी मी तिला न सांगता पुन्ता बाकावानला गेलो.

सेन्सिया मागच्या अंगणात मासे चिरून बांबूच्या ताटव्यांवर वाळत घालत होती. मला बघून तिनं सुरी थांबवली नाही.

"नांग," मी म्हणालो, "तो दीड दिवस माझ्यामुळं गेला. ती गुरुवारीच सांगणार होती. मी तिचा हात धरला. ती नाही भ्याली, मी भ्यालो."

तिनं दोन मासे चिरले, पसरले.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"हर्मिनियानं सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? तुझं तोंड दिसत होतं ना त्या दिवशी." मग तिनं सुरी खाली ठेवली आणि हात परकराला पुसले. "आता आलायस तर बस. तुला एक सांगते. फोटो बघितला त्याच क्षणी मला कळलं होतं की ती ओनोफ्रेची होडी नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"त्याच्या होडीच्या तळाला पांढरा पट्टा होता. मीच रंगवला होता, एप्रिलात, उन्हात बसून. फोटोतल्या होडीचा तळ नुसतं लाकूड."

"मग तुम्ही..."

"बुधवारी मी घरोघर फिरले होते. होड्या काढा म्हणून पाया पडले लोकांच्या. सगळे म्हणाले, जायचं कुठं, नांग? एवढा समुद्र, लाटा एवढ्या, शोधायचं कुठं? कुणी एक निघायला तयार नव्हता. गुरुवारी फोटो आला आणि तीन होड्या तयार झाल्या." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "मी म्हणाले, हो, हीच. लाल उलांडी आमचीच. मला वाटलं, निघू दे. एकदा पाण्यात उतरले की कुठंतरी दिसेलच. मला वाटलं, समुद्र काय, इकडचा काय, तिकडचा काय."

हेच शब्द मी हर्मिनियाला बोललो होतो. ते मी सेन्सियाला सांगितलं नाही.

"आणि गस्तीची बोट दक्षिणेला जाणार होती," सेन्सिया म्हणाली. "कॅप्टननं मला विचारलं, नांग, नक्की तुमचीच होडी आहे ना? मग त्यांना पूर्वेला वळवतो. मी म्हणाले, नक्की."

अंगणात मासळीवर माश्या बसत होत्या. तिनं पंखा उचलून त्या हाकलल्या.

"मारिव्हेलला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिचं पोर महिन्याचं आहे. माझ्या मांडीवर देते ती त्याला. त्या बाकीच्या दोन घरीही सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"तुझ्या बायकोला सांग. तिला सांगायला पाहिजे. मला तिकडं यायचं धाडस होत नाही."

मी उठलो. ती म्हणाली, "जा आता. आणि तुला मी माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत, नांग."

घरी आलो तेव्हा हर्मिनिया भात उपसत होती. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पांढऱ्या पट्ट्यापासून. माझं मी जे सांगून आलो तेही. ती झाकण हातात धरून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, हलकं वाटेल, काहीतरी येईल म्हणून मी बघत होतो. तिनं झाकण ठेवलं, शेगडी बंद केली, डब्यात भात आणि तळलेली मासळी भरली, आणि पायात चपला घातल्या.

"मी येऊ?" मी विचारलं.

"नको."

ती डबा घेऊन रस्त्याला लागली. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी परत आली. डोळे सुजलेले होते, डबा रिकामा होता. त्या दोघी इतका वेळ काय बोलल्या ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून दर शनिवारी ती पुन्ता बाकावानला जाते. रस्त्यात बायका अजूनही तिला बघून गप्प होतात. ती खाली मान घालून त्यांच्यामधून जाते आणि सेन्सियाच्या मागच्या अंगणात शिरते.